सुकाणू-यंत्रणा, ‘मसल’ मोटारींची

सुकाणू-यंत्रणा, ‘मसल’ मोटारींची : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४ ते १९७२ च्या सुमारास मध्यम आकाराच्या, दोन दरवाजांच्या साध्या प्रवासी गाडीत मोठ्या गाडीचे ‘व्ही-८’ एंजिन बसवून ज्या वेगवान मोटारी तयार झाल्या त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. या गाड्यांचे एंजिन, त्याची अश्वशक्ती व सरळ रस्त्यावरील वेग यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. तथापि गाडी वळविणाऱ्या यंत्रणेकडे त्या काळी निर्मात्यांचे लक्ष कमीच होते आणि ही उणीव भरून काढण्याचे काम पुढे अनेक दशके गाडीमालक व लहान कर्मशाळा यांना करावे लागले.

या यंत्रणेची मूळ कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. वळणावर आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनातून वळले पाहिजे, हे तत्त्व म्यूनिकचे गाडीकार गेओर्ख लांकेनस्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी योजिले. १८१८ मध्ये रूडोल्फ आकरमान यांनी त्याचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतल्यामुळे ते आकरमान यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. हातदांड्याऐवजी सुकाणू चक्राचा वापर १८९४ च्या पॅरिस–रूआं शर्यतीत झाला. गाड्यांचे वजन वाढले, तसे चक्र फिरविण्यास लागणारे बळही वाढले. चक्राच्या दांड्यावरील मळसूत्र व नट यांच्या आट्यांमध्ये पोलादी गोळ्या फिरत्या ठेवून घर्षण कमी करणारी पेटी जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने १९४० च्या सुमारास प्रचारात आणली. मसल मोटारींत बहुधा याच जातीची पेटी असे.

द्रवीय साहाय्याचा इतिहास काहीसा चमत्कारिक आहे. पीअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागात काम केलेले अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये अशी यंत्रणा गाडीवर चालवून दाखविली. जनरल मोटर्सने त्यांच्याशी करार केला; परंतु मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, खर्चाच्या कारणावरून तो सोडून दिला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांवर या यंत्रणेची उपयुक्तता सिद्ध झाली. अखेरीस १९५१ मध्ये ती प्रवासी गाडीवर आणली ती क्रायस्लर या प्रतिस्पर्धी कंपनीने, आणि तीही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या काही पेटंटांच्या आधारे.

१९५० नंतरच्या दशकात ही सोय आरामाची खूण ठरली. चक्र एका बोटाने फिरावे, हा तिचा आदर्श होता. रस्त्याची जाणीव हातांपर्यंत पोहोचावी, अशी अपेक्षा कोणी केली नाही. मसल मोटारींना वारसा मिळाला तो याच यंत्रणेचा.

या मोटारींचा प्रारंभ साधारणपणे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मानतात. जॉन डेलोरियन व त्यांचे सहकारी यांनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घ. इंच (सु. ६.४ लिटर) धारणेचे एंजिन बसविले. अशा गाड्यांसाठी कंपनीने घातलेली ३३० घ. इंचांची मर्यादा त्यांनी ‘ऐच्छिक साधन’ म्हणून टाळली. एंजिन ३२५ ते ३४८ अश्वशक्तीचे झाले. सुकाणू मात्र टेम्पेस्टचेच राहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये साहाय्य नसल्यास एकूण गुणोत्तर सु. २७ : १ होते. म्हणजे पुढील चाक १° वळण्यासाठी सुकाणू चक्र २७° फिरवावे लागे. गाडी उभी करताना हे सोयीचे होते. परंतु वेगात मागील चाके घसरू लागली की चालकाचे हात चक्रावर एकामागून एक फिरत राहत आणि तोवर गाडी रस्ता सोडून गेलेली असे. अश्वशक्ती वाढविणाऱ्यांनी ही गोष्ट गौण मानली, हा त्या पिढीच्या अभियांत्रिकीतील ठळक दोष म्हटला पाहिजे.

अपवाद होते. कॅरल शेल्बी यांनी १९६५ च्या जीटी ३५० या मस्टँगमध्ये वरचे निलंबन-भुज एक इंच खाली आणले व सुकाणूच्या जोडदांड्यांचे भुज लांब करून प्रतिसाद जलद केला. कॅडिलॅकने १९६५ मध्ये बदलत्या गुणोत्तराची पेटी आणली : मध्यभागी चक्र सौम्य, टोकांकडे जलद. १९७० च्या कॅमॅरोमध्ये जोडदांडे आसाच्या मागून पुढे आले. या स्थितीत वळणाच्या भाराखाली रबरी आधार दबले, तरी चाके वळणाबाहेरच्या बाजूस कलतात व गाडी स्थिर राहते. हा बदल दिसण्यात किरकोळ, पण परिणामात एंजिनावरील कित्येक सुधारणांहून मोलाचा होता.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर होता. प्रारंभीच्या मस्टँगमध्ये पेटीपासून चक्रापर्यंत एकच अखंड दांडा असे. समोरून आघात झाल्यास तो भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येई. राल्फ नेडर यांनी १९६५ मधील आपल्या ग्रंथात अशा दांड्यांवर कठोर टीका केली. १९६६ मध्ये वाहन-सुरक्षेचा संघीय कायदा झाला, १९६७ च्या गाड्यांत आघाताबरोबर दबणारे स्तंभ दिसू लागले आणि १ जानेवारी १९६८ पासून त्यासंबंधीची मानके बंधनकारक झाली. त्यामुळे जुन्या गाडीची सुधारणा करताना स्तंभ बदलणे हे पेटी बदलण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे ठरते. हौशी मालक मात्र बहुधा पेटीपाशीच थांबतात.

सुधारणेचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच घराण्यातील नंतरची जलद पेटी बसविणे. सॅगिनॉच्या जुन्या शक्तिचालित पेटीचे गुणोत्तर सु. १७.५ : १ होते. १९८० नंतरच्या माँटे कार्लो एसएस गाडीतील १२.७ : १ ची पेटी शेव्हेलसारख्या गाड्यांच्या सांगाड्यावर त्याच छिद्रांत बसते. नळ्यांचे जोड तेवढे निराळे असल्याने जुळवणीचे तुकडे वापरावे लागतात. परिपीडन-दांडी जाड असल्यास साहाय्य कमी होऊन हाताला रस्ता जाणवतो. मस्टँगची अडचण वेगळी होती. तिच्यात साहाय्य पेटीत नसून जोडदांड्यांवर लावलेल्या झडपेतून व नळकांड्यातून मिळे, आणि ही झडप तेलगळतीसाठी कुप्रसिद्ध होती.

दुसरा मार्ग दंतपट्टी-दंतचक्राचा. ही रचना यूरोपात लहान गाड्यांत रुळली होती. मॉरिस मायनरमध्ये ती १९४८ पासून होती. फोर्डने १९७१ च्या पिंटोमध्ये व १९७४ च्या मस्टँग-२ मध्ये ती स्वीकारली. योगायोग असा की, दुबळी म्हणून हिणविल्या गेलेल्या मस्टँग-२ चेच पुढील निलंबन हौशी गाडीकारांनी जुन्या गाड्यांसाठी सर्वाधिक वापरले. मात्र मूळ निलंबन तसेच ठेवून केवळ दंतपट्टी बसविणे धोक्याचे असते. तिच्या टोकांचे सांधे निलंबन-भुजांच्या सांध्यांशी जुळले नाहीत, तर खड्ड्यातून जाताना चाक आपोआप वळते. दंतपट्टीचा प्रवास अपुरा असल्यास गाडीला वळण्यास अधिक जागा लागते, आणि जुन्या पंपाचा प्रवाह नियंत्रित केला नाही तर चक्र अतिसंवेदनशील होते. यंत्रणा नवी म्हणजे ती चांगलीच, असे येथे गृहीत धरता येत नाही.

याउलट काही दोष यंत्रणेत नसतातच. आडव्या थरांच्या जुन्या टायरांसाठी चाकाच्या वळणअक्षाचा मागील कल अत्यल्प ठेवीत. आधुनिक अरीय टायरांना तो अधिक लागतो व केवळ एवढ्या फेरफाराने भरकटणारी गाडी सरळ चालू लागते. झिजलेले सांधे व पेटीतील ढिलाई दूर केल्यावरही असाच फरक पडतो.

सुझुकीने १९८८ मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत विद्युत् साहाय्य आणले. त्याच तत्त्वाची चलित्रे आता जुन्या गाड्यांच्या फलकामागे, स्तंभावर बसविली जातात. त्यांना पंप, पट्टा व नळ्या लागत नाहीत आणि एंजिनकक्षाचे मूळ रूपही बदलत नाही. म्हणून अस्सलपणा जपणाऱ्या संग्राहकांनाही ती मान्य होतात. बहुतेक जुन्या गाड्यांत वेगाची माहिती देणारा संवेदक नसल्यामुळे साहाय्याचे प्रमाण चालकाला एक लहान गुंडी फिरवून स्वतःच ठरवावे लागते.