कुलूप तोडणारे आणि नाव जपणारे

संगणकावरच्या संगीताचा इतिहास लिहिताना कंपन्यांची नावे पुढे येतात. मला मात्र युरोपातल्या त्या हौशी पोरांचा इतिहास अधिक महत्त्वाचा वाटतो, ज्यांनी धून विकली नाही, वाटली. मालकी मोठी की श्रेय, हा जुना प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला.

सुरुवात मात्र स्वच्छ नव्हती. १९८० च्या दशकात कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरच्या गेमची कुलपे काही तरुण तोडत. गेमच्या आधी आपल्या गटाचे नाव, सरकती अक्षरे आणि एक धून जोडून ते प्रती वाटत. कायद्याने ही चोरीच होती. पण पुढे त्यांचे मन गेमपेक्षा त्या छोट्या तुकड्यातच रमू लागले. त्यातून चित्र, संगीत आणि प्रोग्रॅमिंग यांची एक स्वतंत्र कला उभी राहिली. तिला 'डेमोसीन' म्हणतात.

१९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रॅमरचे 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' अमिगा संगणकासाठी बाजारात आले. पडद्यावर चार उभे रकाने, त्यांत स्वरांची अक्षरे आणि आकडे. एका वेळी चारच आवाज वाजत. हौशी मंडळींनी त्यात सुधारणा करून 'नॉइजट्रॅकर', 'प्रोट्रॅकर' असे नवे अवतार काढले आणि 'मॉड' फाइल सर्वत्र पसरली.

या फाइलमध्ये वाद्यांचे आवाज आणि ते वाजवायच्या सूचना एकत्र असत. म्हणजे जेवणासोबत पाककृतीही हाती येई. अनेक जण दुसऱ्याची फाइल उघडूनच शिकले. वाद्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा असे. त्या ओळींत वाद्याऐवजी स्वतःचे नाव, मित्रांना सलाम आणि निरोप लिहिले जात. धुनींचे संग्रह फ्लॉपीवर भरून टपालाने देशोदेशी जात.

इथे प्रत काढणे गुन्हा नव्हता, पण दुसऱ्याच्या धुनीवर आपले नाव लावणे ही मोठी बदनामी होती. ज्यांनी कंपन्यांची कुलपे तोडली, तेच नावाच्या बाबतीत इतके कडक होते.

फ्लॉपी खराब होऊ लागल्या, तेव्हा हा ठेवा हौशी लोकांनीच वाचवला. कमोडोर ६४ च्या पन्नास हजारांहून अधिक धुनी 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन'मध्ये रचनाकारांच्या नावांनिशी लावलेल्या आहेत. सरकारी मान्यता नंतर आली: २०२० मध्ये फिनलंडने आणि २०२१ मध्ये जर्मनीने डेमोसीनला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आज यंत्र क्षणात धून बनवून देते, पण ती कोणाकोणाच्या मेहनतीवर उभी आहे ते सांगत नाही. अशा वेळी त्या पोरांचा नियम मला कायद्याच्या अनेक कलमांपेक्षा न्याय्य वाटतो. हवे तेवढे वाटा, पण ज्याचे आहे त्याचे नाव पुसू नका.