गुन्हा रक्तात की वस्तीत?

गंगापूर रोडवर एखाद्या घरी चोरी झाली, की आपला पहिला संशय बहुधा जवळच्या पालांवर जातो. या सवयीला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काहींचा जन्मच गुन्हा ठरवला. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात डांबले गेले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

शॉ व मॅके यांनी १९४२ मध्ये शिकागोबद्दल दाखवून दिले, की काही वस्त्यांतील रहिवासी बदलले, तरी तेथील बालगुन्हेगारी चढीच राहिली. मग कारण रक्तात कसे असेल? ते दारिद्र्यात, विस्कटलेल्या शेजारात शोधायला हवे.

वर्गात पेन्सिल हरवली, तर आपण प्रथम कोणाकडे पाहतो?