मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या आरंभी गरीब विद्यार्थ्याचे उच्च शिक्षण बहुधा संस्थानिकांच्या उदारतेवर अवलंबून होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. या वैयक्तिक दातृत्वाचे शासकीय जबाबदारीत रूपांतर कसे झाले व ते कोठे अपुरे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योजनेचा उगम :
व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना डॉ. आंबेडकरांनी १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी सरकारला सविस्तर निवेदन सादर केले. प्रशासनातील मोक्याच्या जागांवर उच्चशिक्षित अस्पृश्य तरुण पोहोचल्याखेरीज समाजाला संरक्षण मिळणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींनाही तिचा लाभ मिळू लागला.

खर्चाची विभागणी :
पुढे खर्चाच्या विभागणीचा प्रश्न निर्माण झाला. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी होणारा खर्च पुढील योजनेत राज्याचे दायित्व मानला जाई. त्यावरील वाढीव खर्च तेवढा केंद्र देई. विद्यार्थिसंख्या वाढली तसा राज्यांवरील भार वाढला आणि रक्कम थकू लागली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या योजनेसाठी ही पद्धत रद्द करून केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६०:४० असे ठरविले. ईशान्येकडील राज्यांसाठी ते ९०:१० आहे.

अर्जाची प्रक्रिया :
जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक यांसह अर्ज महाविद्यालयामार्फत समाजकल्याण खात्याकडे जात असे. महाराष्ट्रात आता हे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. माध्यम बदलले, तरी प्रथम छाननी महाविद्यालयाच्याच कार्यालयात होते. तेथे अडकलेला अर्ज शासनापर्यंत पोहोचतच नाही.

निष्कर्ष :
या योजनेने पात्रता नियमबद्ध केली व विद्यार्थ्याला दात्याच्या मर्जीतून मुक्त केले. मात्र रक्कम हाती पडण्याची वेळ तितक्याच काटेकोरपणे बांधली गेली नाही. वर्ष सरल्यावर आलेल्या शिष्यवृत्तीने उसनवारी फिटते. मधल्या काळात शिक्षण सोडलेला विद्यार्थी परत येतोच असे नाही. म्हणून अर्जांची वेळेवर छाननी हे केवळ कारकुनी काम न मानता महाविद्यालयांनी ते आपले शैक्षणिक कर्तव्य मानणे आवश्यक आहे.