जुने कागद आणि संपादकाची लेखनरीत

मराठी छपाईच्या आरंभींच लिपीचा प्रश्न उपस्थित झाला, आणि तो प्रथम एका धर्मसंस्थेनें आपल्या परीनें सोडविला. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें मिशनरी विल्यम केरी यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें १८१० सालीं कोश छापिला. कोशांतील मराठी शब्दांस त्यानें मोडी खिळे योजिले. कारण व्यवहाराची लिपि मोडीच होती. तेथेंच १८१८ सालीं निघालेल्या महाविद्यालयास १८२७ सालीं डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनें पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. उलट, मुंबईच्या अमेरिकन मिशननें १८१७ पासून बालबोध खिळे पसंत केले, आणि पुढें छापखान्यांत बालबोधच रूढ झाली.

या निवडीचा परिणाम जुन्या कागदांच्या संपादकास आजही भोगावा लागतो. दप्तर मोडींत, छपाई बालबोधींत. म्हणजे प्रत्येक कागद छापण्यापूर्वीं त्याचें लिप्यंतर आलेंच. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत, शब्द सुटे लिहीत नाहींत, आणि नित्याचे शब्द संक्षेपानें लिहितात. शब्द कोठें तोडावा, वेलांटी कोणती द्यावी, संक्षेप उलगडावा कीं नाहीं, हें सर्व संपादक ठरवितो. वाचक मात्र तें लेखकाचेंच मानून चालतो.

भोर तालुक्यांतील वरवे बुद्रुक या गांवाचें नांवच घ्या. जुन्या रीतीनें तें ‘वरवे बु॥’ असें लिहितात. शेजारचें गांव ‘वरवे खु॥’. बुद्रुक म्हणजे फारशी ‘बुजुर्ग’, थोरलें. खुर्द म्हणजे धाकटें. निरर्थक म्हणून तीं दोन अक्षरें गाळल्यास इनाम कोणत्या वरव्यांतलें, हें कळण्याचा मार्ग उरत नाहीं. भाषाशुद्धीच्या हौसेनें ‘मोठें वरवे’ असें छापिलें, तर फारशी दफ्तरपद्धतीची खूण पुसली जाते. संक्षेप तसाच ठेवून उलगडा कंसांत दिला, तर दोन्ही हानि टळतात.

दुसरें उदाहरण याच तालुक्यांतील कारी गांवच्या जेधे देशमुखांच्या शकावलीचें. लोकमान्य टिळकांनीं ती १९१६ सालीं प्रसिद्धीस आणिली. पुढें १९२५ सालीं ‘शिवचरित्रप्रदीप’ ग्रंथांत द. वि. आपटे व स. म. दिवेकर यांनीं ती पुन्हां छापिली. शिवजन्माच्या नोंदींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, नक्षत्र व घटिका इतकीं अंगें दिलेलीं आहेत. नागरी १ व ९ यांची गल्लत सहज होते. परंतु शके १५४९ चा संवत्सर प्रभव, १५५१ चा शुक्ल. संवत्सराचें नांव जवळ असलें म्हणजे शकाचा आंकडा पारखतां येतो.

हीच तिथि जुन्या जुलियन गणनेनें १९ फेब्रुवारी १६३० व नव्या ग्रेगोरियन गणनेनें १ मार्च १६३० होते. इंग्रजांनीं नवी गणना १७५२ सालीं स्वीकारिली. तत्पूर्वींच्या त्यांच्या पत्रांशीं मेळ घालण्यास जुनीच सोयीची. आज जयंती १९ फेब्रुवारीस होते. पण गणनेचें नांव न देतां नुसती तारीख छापिली, आणि वाचकानें नव्या गणनेनें वार काढला, तर शुक्रवाराऐवजीं मंगळवार येतो व खरी नोंद खोटी वाटूं लागते. दोष शकावलीचा नसून छापणाराचा.

आतां पुनर्मुद्रणाचें नवें संकट आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. चालू लेखनास हे नियम योग्यच. परंतु ते जुन्या कागदांस लावणें म्हणजे साक्षीदाराची जबानी स्वतःच्या भाषेंत लिहून घेण्यासारखें आहे.

संग्राहकांस विनंति इतकीच. कागद छापावयास देतांना ओळीस ओळ नक्कल करावी. संक्षेप मोडूं नयेत. फाटलेली जागा टिंबांनीं दाखवावी, तर्कानें भरूं नये. मूळ मिति प्रथम द्यावी, नंतर इंग्रजी तारीख व तिची गणना. स्वतःची दुरुस्ती तळटीपेंत घालावी. मूळ कागद कसरीनें नाहींसा झाला म्हणजे ही नक्कलच त्याच्या जागीं उभी राहणार. तिच्यांत आपला हात कोठें लागला, हें पुढील अभ्यासकास दिसलें पाहिजे.