मे महिन्याची सुट्टी आणि मराठी मुलांची पुस्तके

मराठी मुलांच्या वाचनात मे महिन्याला स्वतंत्र स्थान आहे. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. विदर्भात उन्हामुळे सुट्टी आणखी लांबते. दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते, अभ्यासाचा तगादा नसतो. या रिकाम्या दुपारी मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा मराठी घरांतला जुना प्रश्न आहे. रंजक पुस्तक द्यावे की बोधप्रद, या वादाचा इतिहास मराठी मुद्रित बालसाहित्याइतकाच जुना आहे.

सुरुवातीला बोधाची बाजू फारच वरचढ होती. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके 1828 मध्ये निघाली. ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच. छत्र्यांनी ते इंग्रजीवरून मराठीत आणले. दोन्ही पुस्तकांमागे शाळेची गरज होती. गोष्ट सांगायची ती मुलाने शहाणे व्हावे म्हणून, हे त्यात गृहीत होते. तरीही छत्र्यांनीच ‘वेताळपंचविशी’ही मराठीत आणली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नीतिकथा सांगणाऱ्या लेखकालाही राजा, स्मशान आणि खांद्यावरचे प्रेत यांची ओढ टाळता आली नाही. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या, तेव्हा केवळ गोष्टीच्या ओढीने वाचण्याजोगा मोठा ऐवज घरात आला. तो मुलांसाठी नव्हता, पण मुलांनी तो कधीच मोठ्यांच्या स्वाधीन राहू दिला नाही.

नियतकालिकांनी हा तोल बदलला. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि 1914 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय विषय असा त्याचा भरभक्कम मजकूर असे. आज तो जड वाटेल, पण मुलासाठी दर महिन्याला काहीतरी छापून येते ही सवय ‘बालबोध’ने लावली. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये ‘आनंद’ काढले. मुलाला आधी वाचावेसे वाटले पाहिजे, शिकणे त्यामागून येईल, ही त्यांची भूमिका. पुढच्या काळातले बरेच चांगले बालसाहित्य याच वाटेने आले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोध आणि रंजन यांचे दोन टोकांचे नमुने तयार झाले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये ‘श्यामची आई’ लिहिले आणि 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. सुट्टीत मुलाला एक तरी चांगले पुस्तक वाचायला लावायचे, असे ठरवणाऱ्या पालकांच्या यादीत ते पिढ्यान्‌पिढ्या पहिले राहिले. दुसऱ्या टोकाला बाबूराव अर्नाळकर होते. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे गेली. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी मुले ग्रंथालयात रांगा लावत आणि घरी पुस्तक पाठ्यपुस्तकात दडवत. पालकांना त्या पुस्तकांची धास्ती वाटे, पण एका बैठकीत शंभर पाने संपवण्याचा सराव पुष्कळांना याच पुस्तकांनी दिला. त्या सरावावर पुढे कादंबऱ्या वाचल्या गेल्या. म्हणून रहस्यकथांना वाया गेलेले वाचन म्हणणे अन्यायाचे आहे.

या दोन टोकांच्या मधली जागा ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ने आणि भा. रा. भागवतांनी व्यापली. भागवतांनी 1951 मध्ये ‘बालमित्र’ मासिक सुरू केले, ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे उभा केला. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीपैलवान, तोंडाने ‘ट्टॉक्’ करणारा हा मुलगा वीसेक पुस्तकांत धावत राहिला. त्याची साहसे प्रतापगडापर्यंत जातात आणि ‘जवानमर्द फास्टर फेणे’त चीनच्या युद्धाच्या आघाडीपर्यंतही. भागवत कुठेही उपदेश करत नाहीत, तरी प्रामाणिकपणा, कुतूहल आणि आपल्यापेक्षा दुबळ्याची बाजू घेणे हे सारे गोष्टीच्या वेगातून वाचकाच्या अंगी लागते. आनंद आणि अर्थ एकाच पुस्तकात कसे नांदतात याचे मराठीतले सर्वांत सोपे उदाहरण फास्टर फेणेच आहे.

निवडीवर पैशाचेही बंधन होते. बहुतेक घरांत पुस्तके विकत घेतली जात नसत. ती वाचनालयातून येत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये, मुंबईचे 1898 मध्ये स्थापन झाले. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये, तर महाराष्ट्र राज्याने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अनामत आणि वर्गणी भरून एका वेळी एक पुस्तक नेता येई. त्यामुळे सकाळी नेलेले संध्याकाळी परत करणाऱ्या मुलाची आवड ग्रंथपालाला पालकांपेक्षा लवकर कळे. तो टेबलाखालून काढून देईल ते पुस्तक मुलाला वाचावे लागे. चांगला ग्रंथपाल रहस्यकथेच्या पाठोपाठ हळूच एखादे चरित्र पुढे करी.

वाचनालयाबाहेरही बाजार होता. ‘चांदोबा’ 1952 पासून मराठीत येऊ लागला. वेताळाची (इंग्रजीतल्या ‘फँटम’ची) चित्रकथा देणारी इंद्रजाल कॉमिक्स 1964 पासून निघू लागली. ‘अमर चित्र कथा’ 1967 पासून. सोव्हिएत संघातून आलेली मराठी अनुवादित पुस्तके जाड कागद, रंगीत चित्रे आणि अगदी थोडी किंमत यांमुळे मध्यमवर्गीय घरांत शिरली. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तो पुरवठा आटला. बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये वसंत शिरवाडकरांच्या संपादनाखाली ‘किशोर’ मासिक सुरू केले. सरकारी संस्थेने मुलांसाठी चालवलेले मासिक रटाळ होईल ही भीती ‘किशोर’ने खोटी ठरवली, नामवंत लेखक आणि चित्रकार त्यात लिहू-रेखू लागले.

अलीकडच्या काळात निवडीचा भार काही अंशी संकलनांनी उचलला. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’च्या खंडांत मुलांच्या वयानुसार जुन्या-नव्या लेखनातले वेचे चित्रकलेच्या नमुन्यांसह दिले आहेत. पाठ्यपुस्तकाबाहेर चांगले वाचायचे तर सुरुवात कुठून करावी, याचे इतके चोख उत्तर मराठीत दुसरे नाही. वयाची अशी विभागणी काही पुस्तकांना मात्र लागू पडत नाही. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन खरे तर मोठ्यांसाठी लिहिला गेला आहे, बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला तो कधी अवघड जातो, कधी वेड लावतो.

पैशाचे बंधनही आता काहीसे सैल झाले आहे. महाबळेश्वर-पाचगणीजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव. राज्य सरकारने 4 मे 2017 रोजी तेथे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू केले, म्हणजे नेमके सुट्टीच्या तोंडावर. तेथे घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तके मांडली असून कोणीही येऊन विनामूल्य वाचू शकते. ‘किशोर’चे जुने अंकही आता इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.