लोकपालाचा पगार कोण देतो?

एटीएममधून नोटा येत नाहीत, पण खात्यातून पाच हजार वजा झाल्याचा मेसेज मात्र लगेच येतो. शाखेत गेलं की उत्तर ठरलेलं असतं: "अर्ज देऊन ठेवा, वर पाठवतो." हे 'वर' म्हणजे त्याच बँकेचं मुख्यालय. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच दारात न्याय मागायचा! यावर तोडगा म्हणून रिझर्व्ह बँकेने १९९५ साली बँकिंग लोकपाल योजना आणली.

मूळ कल्पना स्वीडनची. तिथल्या १८०९ च्या राज्यघटनेने सरकारी अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारा, संसदेने निवडलेला लोकपाल दिला. ब्रिटनमध्ये तो पैशाच्या व्यवहारात शिरला १९८१ साली, आणि तोही विमा कंपन्यांच्याच पुढाकाराने. पाच वर्षांनी बँकांनी तोच कित्ता गिरवला. कंपन्यांनीच पोसलेला पंच त्यांच्याविरुद्ध निकाल कसा देणार, ही शंका रास्तच होती. म्हणून पैसा पुरवणारे आणि लोकपाल यांच्यामध्ये एक स्वतंत्र मंडळ बसवलं गेलं. पुढे २००१ मध्ये हे वेगवेगळे लोकपाल कायद्याने एका छपराखाली आले. पैसा आजही कंपन्यांचाच. तक्रारदाराला मात्र दमडी पडत नाही. तिथे प्रत्येक अर्ज थेट लोकपालापुढे जातो असंही नाही. आधी तपासनीस कागद वाचतो, दोन्ही बाजूंना विचारतो, आपलं मत कळवतो. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. एका बाजूलाही ते मान्य नसलं, तरच लोकपाल स्वतः फाइल उघडतो.

आपल्याकडे सुरुवातीला खर्च बँकांच्या माथी होता आणि कार्यालयातली माणसंही बँकांनीच पुरवायची होती. म्हणजे तक्रारीची छाननी करणारा कारकून उद्या परत आपल्या बँकेत जाणार! १ जानेवारी २००६ पासूनच्या योजनेने ही गाठ सोडवली: खर्च रिझर्व्ह बँकेचा, कर्मचारीही तिचेच. क्रेडिट कार्डाच्या तक्रारीही तेव्हाच कक्षेत आल्या. माझ्या मते योजनेचा खरा जन्म तेव्हाचा. २०२१ मध्ये बँका, बिगर-बँक वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांचे तीन लोकपाल एकत्र झाले. टपालाने आणि ईमेलने येणारे अर्ज आता चंदीगडच्या केंद्रात जातात. आपला अर्ज कोणत्या शहराच्या कार्यक्षेत्रात बसतो, हे शोधत बसायची गरज उरली नाही.

एक अट मात्र कायम आहे: आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि तीस दिवस वाट पाहायची. या तीस दिवसांत आत काय चालतं, हे पाहण्यासाठी २०१५ पासून आणखी एक पद आलं, अंतर्गत लोकपाल. हा मात्र बँकेच्याच पगारावर असतो. २०१८ च्या योजनेने त्याला कुंपण घातलं. त्या बँकेत पूर्वी नोकरी केलेला माणूस चालत नाही, मुदत संपल्यावर तिथेच फेरनेमणूक नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून त्याला मध्येच काढता येत नाही. बँक जी तक्रार फेटाळू पाहते, ती ग्राहकाने न मागताही त्याच्या टेबलावर गेली पाहिजे. ग्राहक थेट त्याच्याकडे जाऊ शकत नाही. त्याने प्रकरण तपासलं आहे, एवढं नकाराच्या पत्रात बँकेला लिहावं लागतं.