वादळ 3 जूनचं, पंचनामा 12 जूनचा

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय ठरलाय, पण साधनं कशी वाचायची?" या प्रश्नाचं उत्तर नियमांच्या यादीतून देता येत नाही. म्हणून आज माझ्याच कामातली एक चूक सांगते. तिच्यामुळे माझं एक प्रकरण जवळजवळ कोसळलं होतं.

माझा विषय आहे कोकणातल्या घरबांधणीचा इतिहास. त्यातला शेवटचा भाग 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळावर आहे. दुपारच्या सुमारास हे वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या आणि हजारो घरांची छपरं गेली. मी एका गावचे पंचनामे मिळवले, तक्ता केला: इतकी घरं पूर्ण पडलेली, इतकी अंशतः. मग लिहून टाकलं की या गावात वादळाने झालेलं नुकसान "मध्यम स्वरूपाचं" होतं.

माझ्या गाईड मॅडमनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "पंचनाम्यांची तारीख बघितलीस का?"

बघितली नव्हती. बहुतेक पंचनामे 12 जूनचे होते. वादळानंतर नवव्या दिवसाचे.

आता या नऊ दिवसांत काय झालं ते बघू. त्याच तालुक्यात माझ्या मामाचं घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. वादळात मागचं पाखं पूर्ण उडालं, पुढचं अर्धं राहिलं. वासे शाबूत, पण रिपा मोडल्या. वीज नाही, फोन बंद, लॉकडाऊनमुळे मुंबईहून कोणी येऊ शकत नाही, आणि पाऊस तोंडावर. मोसमी पाऊस हर्णै-सोलापूरपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने 11 जूनला जाहीर केलं. म्हणजे हातात जेमतेम आठ दिवस. मामाने पडवीवरची धड कौलं उतरवली आणि माजघरावर चढवली. पडवी उघडी पडली, पण धान्य, अंथरुणं आणि आजी कोरड्यात आली. मागच्या बाजूला ताडपत्री ताणून दोरीने बांधली, कडेला चिरे ठेवले. फुटक्या कौलांचा ढीग परसात लोटला.

पंचनामा करणारे आले तेव्हा त्यांना दिसलं ते हे घर. नोंद झाली: "अंशतः पडझड".

हा शब्द साधा नाही, त्यावर पैसे ठरतात. राज्य सरकारने त्या वेळी मदत वाढवली होती: पूर्ण पडलेल्या घराला 95,100 रुपयांऐवजी दीड लाख, आणि किमान 15 टक्के पडझड झालेल्या घराला 6,000 ऐवजी 15,000. मामाचं घर पूर्ण पडलं नव्हतं हे खरं. पण जे गेलं होतं तेवढंही कागदावर आलं नाही, कारण त्याने ते झाकलं होतं. मी नंतर विचारलं, "मामा, थांबायचं ना दोन दिवस?" तो म्हणाला, "अगं, पाऊस काय पंचनाम्यासाठी थांबणार होता?"

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. मी ज्याला "वादळाचं नुकसान" समजत होते, ते खरं तर "पहिल्या दुरुस्तीनंतर उरलेलं नुकसान" होतं. ज्या घरात धडधाकट माणसं होती त्यांनी पटापट झाकपाक केली आणि कागदावर त्यांचं नुकसान कमी दिसलं. ज्या घरांना कुलूप होतं ती तशीच उघडी राहिली आणि कागदावर जास्त पडलेली दिसली. तक्त्यातला फरक वाऱ्याचाच असेल असं नाही, तो माणसांच्या हातांचाही असू शकतो.

इथे थोडं मागे जायला हवं. कोकणात घराची दुरुस्ती ही आपत्तीनंतर करायची गोष्ट नव्हती, ती दरवर्षीची होती. पावसाआधी घर शाकारायचं: कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, किडलेली रीप काढायची. आधी कुंभाराने हाताने घडवलेली नळीची कौलं होती. 1865 मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे एकमेकांत अडकणारी सपाट मंगलोरी कौलं किनाऱ्याने वर सरकत आली. ही कौलं नुसती रिपांवर टेकलेली असतात. वारा वळचणीखालून शिरला की ती उचलली जातात. पण याच गुणामुळे एकेक कौल हाताने काढता-लावताही येतं. मामाला आठ दिवसांत माजघर झाकता आलं ते दरवर्षीच्या शाकारणीमुळे. त्याचे हात तयार होते. पत्र्याच्या छपराला शाकारणी लागत नाही, आणि ज्या घरात ती बंद झाली तिथे हे कसबही पुढच्या पिढीकडे जात नाही.

मग दुरुस्तीचा इतिहास शोधायचा कुठे? मला उपयोगी पडलेल्या जागा सांगते.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. घर कौलारू की पत्र्याचं की स्लॅबचं, याचं वर्णन तिच्यात मिळतं. वादळाआधीची आणि नंतरची आकारणी शेजारी ठेवा.

जनगणनेतली घरयादी. 2011 मध्ये छपराचं साहित्य विचारताना हाताने केलेली कौलं, यंत्राची कौलं आणि पत्रे वेगवेगळे नोंदवले आहेत. मात्र 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे वादळाच्या लगेच नंतरचं चित्र तिथे मिळणार नाही.

दुकानदाराची उधारीची वही. पत्रे, खिळे, ताडपत्री कोणी कधी नेली आणि पैसे कधी फिटले, हे तिथे दिसतं. वही मागताना भीड वाटते, पण चहा घेत बसलात तर मिळते. नावं मात्र प्रबंधात घालू नका.

आणि खुद्द घर. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. एकाच छपरावर तीन छाप दिसले तर किमान तीन खेपांची कौलं तिथे आहेत असं समजा, आणि कुठली खेप कधीची ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

या साधनांचा उलटाही उपयोग होतो. 1882 मध्ये मुंबईत लाखभर माणसं मारणारं चक्रीवादळ झालं, असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडेल. अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मांडलं की असं वादळ झालंच नव्हतं. विचार करा, एवढं शहर पडलं असतं तर कौलांची मागणी, सुताराची मजुरी, पालिकेचा खर्च, कशात तरी ते उमटलं असतं. कुठल्याही मोठ्या पडझडीबद्दल वाचलंत की पुढचा प्रश्न हाच विचारा: मग दुरुस्ती कोणी केली, आणि तिचा खर्च कुठे लिहिलाय?

मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. तक्ता ठेवला, पण वर शीर्षक बदललं: "12 जून रोजी दिसलेली स्थिती". खाली मामासारख्या अकरा घरांच्या नऊ दिवसांची हकिगत जोडली. मॅडम म्हणाल्या, "आता वाचता येतंय."

मामाच्या घरावर आता निळे पत्रे आहेत. वाचलेली कौलं त्याने परसात भिंतीला टेकवून रचून ठेवलीत. काढून का टाकत नाहीस म्हटलं, तर म्हणतो, "राहू दे. लागतील."